बुडापेस्टच्या ऑपेरेटा थिएटरचा हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुडापेस्टला शिकायला, नोकरीला किंवा चार दिवस फिरायला येणारी मराठी मंडळी डॅन्यूबवर बोटीने फिरतात, संसद भवनाचे फोटो काढतात, गरम पाण्याच्या कुंडांत डुंबून येतात. नॉद्यमेझो रस्त्यावरच्या ऑपेरेटा थिएटरच्या दारावरून मात्र बहुतेक जण तसेच पुढे जातात. भाषा कळणार नाही, तिकीट परवडणार नाही, हे म्हाताऱ्यांचं काहीतरी असेल, अशी कारणं ऐकू येतात. या गावात एकच संध्याकाळ मोकळी असेल तर ती या थिएटरात घालवावी, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी लोक जे जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ऑपेरेटा म्हणजे नक्की काय? ऑपेराच ना?

नाही. ऑपेरात जवळजवळ सगळं गाऊन होतं. ऑपेरेटात पात्रं बोलतात, भांडतात, विनोद करतात, आणि बोलणं अपुरं पडलं की गातात. गाणं संपलं की त्याच चालीवर नाचतात. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हा बाज समजावून सांगावा लागत नाही. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा तिकडे युरोपात ऑपेरेटा ऐन भरात होता. फरकही मोठे आहेत. इथे रागविस्तार नाही. एकच संगीतकार सगळा प्रयोग स्वरलिपीत बांधतो, आणि रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेला पूर्ण वाद्यवृंद तो जसाच्या तसा वाजवतो.

पात्रांचे साचे ठरलेले असतात आणि ते आधी माहीत असले की भाषा न कळताही गोष्ट हातातून सुटत नाही. प्रिमादोना म्हणजे मुख्य गायिका. बोनविवान म्हणजे तिचा देखणा, तालेवार घरचा नायक. त्यांच्याबरोबर दुसरी एक जोडी असते: सुब्रेत ही चुणचुणीत मुलगी आणि तान्त्सोशकोमिकुश हा नाचणारा विनोदी नट. पहिली जोडी रडवते, दुसरी हसवते. यांच्या जोडीला एखादे म्हातारे सरदार, एखादी खाष्ट आई किंवा आत्या. तीन अंकांची रचना रूढ आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सगळं फिसकटतं, तिसऱ्यात जुळतं.

हा तर व्हिएन्नाचा प्रकार. मग त्याला हंगेरियन का म्हणायचं?

वाद जुना आहे आणि दोन्ही गावांचं म्हणणं थोडंथोडं खरं आहे. फेरेन्त्स लेहारचा ‘मेरी विडो’ ३० डिसेंबर १९०५ रोजी व्हिएन्नात जर्मन भाषेत आला. इम्रे कालमानची ‘चार्दाशकिरायनो’, म्हणजे चार्दाश या हंगेरियन नाचाची राणी, १७ नोव्हेंबर १९१५ ला तिथेच रंगमंचावर आली आणि बुडापेस्टला पोचायला तिला पुढचं वर्ष उजाडलं. त्या वेळी दोन्ही शहरं ऑस्ट्रिया-हंगेरी या एकाच साम्राज्यात होती. पैसा आणि मोठी नाट्यगृहं व्हिएन्नाकडे जास्त. पण लेहार जन्मला तेव्हाच्या हंगेरीतल्या कोमारोमचा, कालमान बालाटन सरोवराकाठच्या शिओफोकचा. कालमान बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकला, पुढे नावाजलेल्या बार्तोक आणि कोदाय या संगीतकारांच्या बरोबरीने. त्याला पियानोवादक व्हायचं होतं, हाताच्या दुखण्याने ते राहिलं आणि तो रचनेकडे वळला.

खरा फरक कानाला कळतो. व्हिएन्नाचा पाया वॉल्ट्झ या नाचाचा. हंगेरियन संगीतकार त्यात चार्दाश आणतो: आधी संथ, जड, जवळजवळ विलाप वाटावा असा भाग, मग एकदम उसळणारी द्रुत लय. चार्दाशकिरायनोत नायिकेचं पहिलंच गाणं असं आहे. ती डोंगरातल्या आपल्या मुलखाची आठवण काढत सावकाश सुरुवात करते, आणि गाणं संपेपर्यंत सगळा रंगमंच टाचा आपटत असतो.

शिवाय काही रचना पूर्णपणे बुडापेस्टच्याच आहेत. पोन्ग्राट्स काचोहचा ‘यानोश वितेझ’ १९०४ साली इथल्या किराय थिएटरात आला. हंगेरियन कवी पेतोफीच्या काव्यावर आधारलेली ही धनगराच्या पोराची गोष्ट. त्या पोराची भूमिका शारी फेदाक या नटीने केली आणि तिचं नाव घराघरात पोचलं. बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाला पुरुषाची भूमिका करणाऱ्या नटीचं कौतुक वेगळं सांगायला नको. येनो हुस्काचे ‘बोब हेर्त्सेग’ आणि ‘ग्युल बाबा’, आल्बेर्त सिर्मायचा ‘माग्नाश मिश्का’ हेही इथलेच. आज हंगेरीने ऑपेरेटाला ‘हंगारिकुम’ म्हणजे राष्ट्रीय ठेव्यांच्या अधिकृत यादीत स्थान दिलं आहे.

थिएटर कुठे आहे? इमारत बघण्यासारखी आहे का?

नॉद्यमेझो उत्सा १७. आन्द्राशी रस्त्यावरच्या ऑपेरा हाऊसपासून चालत पाच मिनिटं. १८९६ पासून धावणाऱ्या पिवळ्या भुयारी रेल्वेने आलात तर ओपेरा किंवा ओक्टोगोन, कुठल्याही स्टेशनवर उतरा. या रस्त्यावर इतकी नाट्यगृहं आहेत की त्याला ‘पेस्टचं ब्रॉडवे’ म्हणतात. थिएटरसमोर बाकावर बसलेला कालमानचा ब्राँझचा पुतळा आहे. लोक त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात, तुम्हीही काढा.

इमारत १८९४ ची. युरोपभर नाट्यगृहं बांधणाऱ्या फेल्नर आणि हेल्मर या व्हिएन्नाच्या वास्तुकारांनी ती कारोय शोमोश्शी याच्यासाठी उभी केली. तेव्हा ते ऑर्फियम होतं, म्हणजे खाणं, पिणं, नाचगाणी आणि रात्रभर जागरण. शोमोश्शीचं पुढे दिवाळं निघालं, इमारत हातोहात फिरली आणि १९२३ पासून इथे ऑपेरेटा नांदू लागला. २००१ पर्यंत मोठं नूतनीकरण झालं. आत सुमारे ९०० प्रेक्षक बसतात. लाल मखमल, सोनेरी नक्षी, घोड्याच्या नालासारखे वळलेले सज्जे. ऑपेरा हाऊसची भव्यता इथे नाही, आणि ते बरंच आहे, कारण मागच्या रांगेतूनही नटाच्या भुवया दिसतात.

एक गोष्ट आत शिरताना लक्षात ठेवा. चार्दाशकिरायनोचा पहिला अंक बुडापेस्टच्या एका ऑर्फियममध्येच घडतो. म्हणजे जिथली गोष्ट, तशाच वास्तूत तुम्ही ती बघत असता.

हंगाम कधी असतो? एकच नाटक रोज असतं का?

साधारण सप्टेंबर ते जून. एकच नाटक महिनोन्‌महिने रोज चालत नाही. संचात बरीच नाटकं असतात आणि ती आलटून पालटून लागतात. आज एक, परवा दुसरं. त्यामुळे आधी तारीख बघा, मग नाटक, मग विमानाचं तिकीट. उलट क्रमाने गेलात तर हवं ते नाटक तुम्ही परतल्यावर लागतं.

दुसरं म्हणजे या थिएटरात अर्धा बाजार म्युझिकलचा, म्हणजे अलीकडच्या धर्तीच्या संगीत नाटकांचा आहे. तेही उत्तम करतात, तरुण गर्दी त्यालाच असते. पण तुम्हाला ऑपेरेटाच हवा असेल तर नाटकाच्या नावापुढे ‘ओपेरेत्त’ लिहिलंय याची खात्री करा. एकेका भूमिकेला दोन किंवा तीन कलाकार असतात. त्या दिवशी कोण गाणार तेही वेळापत्रकात दिलेलं असतं. इथले नेहमीचे प्रेक्षक नाटकापेक्षा नाव बघून तिकीट काढतात.

पहिल्यांदा कोणतं बघावं?

लागलेलं असेल तर चार्दाशकिरायनोच. दुसरं काही सुचवायला मन धजत नाही.

गोष्ट थोडक्यात: सिल्विया ही ऑर्फियमची गायिका अमेरिकेला निघाली आहे. व्हिएन्नाच्या एका उमराव घराण्यातला एडविन तिच्या प्रेमात आहे. घरच्यांनी त्याचं लग्न नात्यातल्या श्टाझीशी ठरवलेलं. तो सर्वांसमक्ष लेखी करार करतो की आठ आठवड्यांत सिल्वियाशी लग्न करीन. आणि घरचे त्याला बोलावून नेतात. दुसऱ्या अंकात सिल्विया त्याच्या वाड्यावर येते, त्याचा मित्र बोनी याची बायको म्हणून.

दुसऱ्या अंकाचा शेवट नीट बघा. सगळी पाहुणेमंडळी जमलेली, एडविनचे वडील, थोरले राजेसाहेब, त्याच्या आणि श्टाझीच्या वाङ्‌निश्चयाची घोषणा करतात. सिल्विया पुढे येते. मी कुठलीही सरदारीण नाही, मी चार्दाशची राणी, असं सांगते. पदराशी जपलेला तो करार बाहेर काढते, एडविनपुढे धरते आणि फाडते. मागे वाद्यवृंदात पहिल्या अंकातल्या आनंदी गाण्याचे सूर फिरून येतात, पण आता ते ऐकवत नाहीत. चांगली नटी कागद फाडायला वेळ लावते. हा प्रसंग बघायला शब्द कळावे लागत नाहीत.

तिसऱ्या अंकात उलगडतं की मुलाला नाचगाणेवाली सून नको म्हणणारी एडविनची आईच एकेकाळी ऑर्फियममध्ये गात होती. नाटक १९१५ चं. पहिलं महायुद्ध चालू आहे, साम्राज्याला तीन वर्षांत मूठमाती मिळणार आहे, आणि रंगमंचावर एक नटवी खानदानाचं पितळ उघडं पाडते आहे. याला हलकंफुलकं म्हणून सोडून देणाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलेलं नाही.

चार्दाशकिरायनो बुडापेस्टमध्ये दिसते ती आणि व्हिएन्नात दिसते ती वेगळी असते असं ऐकलं. खरं का?

खरं. त्याचं कारण एक नटी आहे. १९४९ मध्ये नाट्यगृहांचं राष्ट्रीयीकरण झालं. साम्यवादी राजवटीत राजेरजवाड्यांची गाणी चालायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. थिएटरच्या तेव्हाच्या संचालिका मार्गित गाश्पार यांनी ऑपेरेटा ही मुळात सामान्य लोकांची, सत्तेला टपल्या मारणारी कला आहे अशी बाजू मांडली आणि तो वाचवला. १९५४ साली इश्त्वान बेकेफ्फी आणि देझो केल्लेर यांनी चार्दाशकिरायनोची संहिता नव्याने लिहिली, आणि त्यात एडविनच्या आईची, सेसिलियाची भूमिका वाढवली. ती होन्ती हान्नासाठी. तिचा जन्म १८९३ चा. साठी उलटलेल्या नटीला नायिकेइतकंच महत्त्व मिळालं आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. तिच्यासोबत कामिल्ल फेलेकी आणि रोबेर्त रातोन्यी होते. त्या प्रयोगाचा सोव्हिएत दौराही गाजला. हंगेरीत आजवर हीच आवृत्ती लोकांच्या मनात घर करून आहे. व्हिएन्नात सेसिलियाला इतकं काम नसतं.

मला ही आवृत्ती जास्त आवडते. मूळ नाटकात आईचं गुपित फक्त शेवट गोड करण्यापुरतं येतं. इथे एक बाई आपलं पूर्वायुष्य पुन्हा कबूल करायला शिकते, आणि नाटकाला वजन येतं.

त्याशिवाय आणखी कोणतं बघावं?

‘मारित्सा ग्रोफनो’, १९२४. लग्नाळूंना टाळायला सरदारीण मारित्सा एका काल्पनिक बॅरन झुपानशी वाङ्‌निश्चय झाल्याचं जाहीर करते आणि त्या नावाचा खराखुरा माणूस दारात हजर होतो. दुसरीकडे कफल्लक झालेला एक सरदार नाव बदलून तिच्याच इस्टेटीवर कारभारी म्हणून राबतो आहे. याच नाटकातलं एक खट्याळ द्वंद्वगीत जर्मनमध्ये वाराझदिन गावाचं आहे, तर हंगेरियनमध्ये कोलोझ्वारचं. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात कोलोझ्वार हंगेरीच्या हातून रोमानियात गेलं होतं. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला त्या नाचत्या गाण्यातही चुटपुट लागते.

लेहारचे ‘मेरी विडो’ आणि ‘अ मोशोय ओर्सागा’ (स्मिताचा देश) हे दोन्ही गायकीसाठी बघावेत. पाल आब्राहामचे ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘बाल अ सावोयबान’ जॅझने भारलेले आहेत. पाय थिरकवायचे असतील तर ते.

यात भारत कुठे येतो का?

येतो. कालमानचाच ‘बायादेर’ २३ डिसेंबर १९२१ रोजी व्हिएन्नाच्या कार्ल थिएटरात आला. नायक लाहोरचा राजपुत्र रादजामी. पॅरिसमध्ये तो ओडेट या गायिकेवर भाळतो. ती ज्या ऑपेरेटात काम करते आहे त्याचं नावच ‘ला बायादेर’, म्हणजे मंदिरातली नर्तकी. भारताचं खरं दर्शन यात शोधू नका. राजपुत्राला मोहिनीविद्या येते वगैरे युरोपीय कल्पना आहेत, आणि त्याच नाटकात शिमीसारखे तेव्हाचे ताजे अमेरिकी नाच भरलेले आहेत. पण संगीत श्रीमंत आहे. चार्दाशकिरायनोइतका तो लागत नाही, म्हणून कुठे जाहिरात दिसली तर सोडू नका.

यातले रोमा (म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत ते) वादक, पूर्वेकडचे राजपुत्र वगैरे खटकत नाही का?

खटकतं. व्हायोलिन घेऊन सरदाराच्या कानाशी वाजवणारा, दुःखही रंजक करून देणारा रोमा वादक हा शंभर वर्षांपूर्वीचा साचा आहे. खऱ्या रोमा समाजाचं जगणं त्यात नाही. पण हंगेरियन शहरी संगीत रोमा वाद्यवृंदांनीच घडवलं, चार्दाश घरोघरी त्यांनीच पोचवला, हेही तितकंच खरं. चांगला दिग्दर्शक हे पात्र सजावटीसारखं वापरत नाही, त्याला माणूस म्हणून उभं करतो. प्रयोग बघताना तेवढं तपासून बघा. नाटक आवडलं म्हणून डोळे झाकायची गरज नाही.

इतका आनंदी प्रकार, मग जाणकार त्याबद्दल इतक्या हळवेपणाने का बोलतात?

कारण ज्यांनी तो घडवला त्यांचं पुढे काय झालं हे त्यांना ठाऊक असतं. या संगीतकार-लेखकांतले बरेच जण ज्यू होते आणि नाझी राजवटीत त्यांच्यावर गदा आली. कालमानने १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडलं, पॅरिसमार्गे अमेरिका गाठली आणि १९५३ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. बर्लिन गाजवणाऱ्या पाल आब्राहामला १९३३ मध्ये तिथून निघावं लागलं. क्युबामार्गे तो न्यूयॉर्कला पोचला, मानसिक आजाराने खचला, वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिला आणि १९६० मध्ये हाम्बुर्गला वारला. ‘अ मोशोय ओर्सागा’ची सर्वात गाजलेली गाणी ज्याची, तो फ्रित्झ ल्योनर-बेडा १९४२ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत मारला गेला. त्याच वेळी जर्मनीत लेहारचं संगीत वाजत होतं. हे माहीत असलं की शेवटच्या समूहगीताचा जल्लोष वेगळा ऐकू येतो.

हंगेरियन येत नाही. चालेल का?

चालेल. अनेक प्रयोगांना रंगमंचाच्या वर इंग्रजी उपशीर्षकं असतात. त्या प्रयोगाला आहेत की नाही ते तिकीट काढताना बघा. नसली तर आधी कथासार वाचून जा. विनोदी जोडीच्या झटापटीतलं थोडं निसटेल, बाकी काही नाही.

तिकिटावरचं काही कळत नाही.

‘फोल्डसिन्त’ म्हणजे तळमजला, ‘एर्केय’ म्हणजे सज्जा, ‘पाहोय’ म्हणजे बॉक्स. ‘शोर’ रांग, ‘सेक’ खुर्ची, ‘बाल’ डावीकडे, ‘योब’ उजवीकडे. डावी-उजवी दारं वेगळी असतात, चुकीच्या दाराने शिरलात तर अख्खी रांग उठवावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सज्जाच्या मधल्या जागा घ्याव्यात: नाचाची रचना वरूनच उलगडते आणि वाद्यवृंदही दिसतो. बॉक्समधल्या मागच्या खुर्च्या स्वस्त असतात, पण मान वाकडी होते. तिकीट थिएटरच्या संकेतस्थळावर किंवा खिडकीवर मिळतं, पैसे फोरिंटमध्ये. विद्यार्थ्यांनी सवलतीचं आधीच विचारावं. इथे राहणाऱ्यांनी ‘बेर्लेत’ म्हणजे हंगामी पास घेणं फायद्याचं.

कपडे?

कडक नियम नाही. पण इथली म्हातारी जोडपी नटूनथटून येतात आणि त्यांचा मान राखावा. साडी नेसून जा, कौतुक होईल. थंडीचा जाड कोट मात्र आत नेत नाहीत, तो ‘रुहातार’ला, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत ठेवायचा आणि बिल्ला सांभाळायचा.

लहान मुलं?

मध्यंतर धरून प्रयोग तीन तासांच्या आसपास चालतो. सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं रमतात, विशेषतः दुपारच्या प्रयोगाला.

मध्यंतरात शाकाहाऱ्यांनी काय खावं?

‘पोगाचा’ ही छोट्या पावासारखी खारी, मऊ चकती सगळीकडे मिळते. तिचा ‘तेपेर्तो’ प्रकार डुकराच्या चरबीचा असतो. ‘शायतोश’ म्हणजे चीजची मागा, आणि कडक शाकाहारी असाल तर तिच्यातही लार्ड (डुकराची चरबी) नाही ना ते विचारून घ्या. खरं तर पोटभर जेवूनच जावं.

टाळ्या कधी वाजवायच्या? वन्समोर देतात का?

प्रत्येक गाण्यानंतर, मनसोक्त. वन्समोरही देतात. चार्दाशकिरायनोतलं ‘हायमाशी पेतेर’ हे गाणं तर एकदा झालं की पुन्हा होणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं, आणि प्रत्येक वेळी नट त्यात नवीन काहीतरी घालतात. प्रयोग संपल्यावर विस्कळीत टाळ्यांचा हळूहळू एकच ठेका होतो. सगळं सभागृह एका लयीत, लय वाढत जाते, मग पुन्हा संथ. याला ‘वॉश्ताप्श’ म्हणतात. लगेच उठून निघू नका, लोक पाच-पाच वेळा पडदा उघडायला लावतात. फोन मात्र पूर्ण वेळ खिशात. फोटो आणि चित्रीकरणाला मनाई असते.

जुलै-ऑगस्टमध्ये येतोय. मग?

मुख्य थिएटर बहुधा बंद. मार्गित बेटावरच्या खुल्या रंगमंचावर उन्हाळ्यात संगीताचे मोठे कार्यक्रम होतात, तिथलं वेळापत्रक बघा. पर्यटकांसाठी जेवण आणि बोटीसकट ‘ऑपेरेटा गाला’ विकतात. त्यात निवडक गाणी असतात, गोष्ट नसते. ऐकायला छान, पण करार फाडणारी सिल्विया तिथे भेटणार नाही.

रात्री परतायचं कसं?

प्रयोग दहाच्या सुमाराला सुटतो. भुयारी रेल्वे तेव्हा चालू असते. उशीर झालाच तर ओक्टोगोनपर्यंत चालत जा, तिथून ६ नंबरची ट्राम रात्रभर मिळते.